उजवीकडची ओळख

मशीनताई सकाळी साडेसातला निघायची. मागच्या कॅरियरला बांधलेली पत्र्याची पेटी, पेटीत पेचकस, पाने, तेलाच्या कुप्या, सुयांच्या पुड्या, तीन-चार जुनी शटलं आणि नवऱ्याच्या जुन्या बनियनची फडकी. शहर संपलं की डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर चार वस्त्या होत्या आणि त्या वस्त्यांत खिडकीखिडकीपाशी बायका शिवणयंत्रांवर वाकलेल्या असायच्या. शर्टांच्या कारखान्यातून कॉलरचे आणि कफचे गठ्ठे त्यांच्याकडे यायचे, शिवून परत जायचे. कुणाचा टाका उडायला लागला, कुणाचा दोरा तुटायला लागला, की निरोप जायचा, मशीनताईला बोलवा. तिचं खरं नाव तिच्या लायसनवर होतं आणि तिथेच राहिलं होतं.

गाडी म्हणजे मोटारसायकल. चारचाकी ही तिच्या लेखी गाडीच नव्हती, ती फिरती खोली होती. ही मोटारसायकल वडिलांची. तेही मशीनंच दुरुस्त करायचे. ती एकोणीस वर्षांची असताना त्यांनी तिला अंगणात, स्टँडवर उभ्या गाडीवर बसवलं आणि गिअर शिकवायच्या आधी ओळख द्यायला शिकवलं.

"गिअर काय, माकडालाही येईल," वडील म्हणाले होते. "रस्त्यावर समोरून आपल्यासारखा दुचाकीवाला आला की त्याला ओळख द्यायची. पण ती कधी द्यायची नाही, हे ज्याला कळलं त्यालाच गाडी आली."

सरळ, मोकळा रस्ता असेल तर डावा हात क्लचवरून जरासा खाली आणायचा, दोन बोटं सोडायची आणि समोरचा शेजारी पोचायच्या आत हात परत जागेवर. तो शेजारून जाताना दोन्ही हात गाडीचे. उजव्या हाताने कधीच नाही. उजव्या हातात रेस आहे, ब्रेक आहे, जीव आहे. वळणावर फक्त मान. ओल्या रस्त्यावर, वाळूवर, आडव्या वाऱ्यात मानसुद्धा नाही. दिवे उघडझाप करून ओळख देऊ नये, ते पुढे रस्त्यात काही आडवं आहे हे सांगायला ठेवलेले असतात. हॉर्न तर नाहीच. हॉर्न म्हणजे ओरडणं, आणि ओरडून कुणी नमस्कार करतं का? समोरचा नवशिका असेल, खांदे कानाला लागलेले, कोपरं ताठ, तर त्याला काहीच द्यायचं नाही. तो बिचारा परतफेड करायला जायचा आणि खड्ड्यात जायचा.

"ओळख राहिली तर उद्या देता येते," वडील म्हणायचे. "हाडांचं तसं नसतं."

त्यानंतर छत्तीस वर्षं ती या रस्त्यावर ओळखी देत-घेत होती. सकाळी डोंगरातून धुकं खाली उतरून रस्त्यावर पसरलेलं असायचं. त्या पांढऱ्यात आधी एक पिवळा ठिपका उगवायचा, ठिपक्याचा दिवा व्हायचा, दिव्यामागे हेल्मेट, हेल्मेटखाली मान. मान हलायची, तिची मान हलायची, आणि ते सगळं पुन्हा पांढऱ्यात विरघळून जायचं. पाण्यात दगड पडावा आणि तरंगही उठू नये, तसं. तिला या माणसांचे चेहरे फारसे माहीत नव्हते, माना माहीत होत्या. टपालवाली बाई मान अशी कलती करायची, जणू कुणीतरी कानात गुपित सांगतंय. एक उंच माणूस होता, तो दर वेळी अशी मान डोलवायचा जणू तिचं म्हणणं त्याला आत्ता कुठे पटलं. आणि अंडेवाला. त्याच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या ट्रेची थप्पी असायची, मध्ये तो, उशांमध्ये ठेवलेल्या मुलासारखा. हात काढायची सोयच नव्हती. तो फक्त हनुवटी खाली टेकवायचा, हळूच, जणू अंडी झोपली आहेत.

तर हा अंडेवाला एकदा पेट्रोलपंपावर तिच्या मागे रांगेत उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "ताई, माझं काही चुकलं का?"

"तुमचं? तुमचं काय चुकणार?"

"नाही, दोन महिने झाले. फाट्याच्या वळणावर मी रोज ओळख देतो. तुम्ही घेत नाही. सरळ पुढे बघत जाता, राणीच्या पुतळ्यासारख्या. मी घरी म्हटलंसुद्धा, मागे त्यांनी अंडी घेतली होती ती नासकी निघाली असणार."

"अहो, अंडी चांगली होती. लक्ष नसेल माझं."

"टपालवाली पण म्हणत होती," तो म्हणाला आणि जीभ चावली. "जाऊ दे. माणसाच्या डोक्यात शंभर गोष्टी असतात."

"माझ्या डोक्यात एकच असते," ती म्हणाली, "तीही कुणाच्या तरी मशीनचं शटल." तो हसला, तीही हसली. पण टाकी भरून झाल्यावर झाकण लावताना तिचा हात जरा जास्त वेळ झाकणावर राहिला. फाट्याच्या वळणावर तिला अंडेवाला दिसत नव्हता, हे खरं होतं. तिला वाटलं होतं, त्याने वेळ बदलली.

घरात ती तिघं. चौथा मुलगा, पण तो कारखान्यात पाळ्या करायचा आणि घरी फक्त झोपायला यायचा, म्हणून तो हिशेबात नसे. नवरा छापखान्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर पुस्तकं बांधल्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीची कड दुसऱ्या कडेला जुळलेली लागायची. टॉवेलाची, पोळपाटाची, भांडणाची. स्वयंपाक आणि इस्त्री त्याच्याकडे होती. मोटारसायकलवर तो लग्नानंतर एकदा बसला होता, चौकापर्यंत, आणि चौकातून चालत परत आला होता. गाडी लग्नाआधीची म्हणून तो तिला 'तुझा पहिला' म्हणायचा. "तुझ्या पहिल्याला आंघोळ घालून झाली असेल तर दुसऱ्याला चहा दे."

आणि सून. दोन वर्षांपूर्वी आली. पुढच्या खोलीत लोक जी मशीनं आणून टाकायचे ती दुरुस्त करायची. हात चांगला होता, तोंडही चांगलं होतं. लायसन लग्नाआधीच काढलेलं. वस्त्यांची फेरी आपल्यालाही द्या, निदान दोन वस्त्या तरी, असं ती महिन्यातून एकदा म्हणायची, आणि मशीनताई महिन्यातून एकदा म्हणायची, "हात बसू दे अजून."

"अजून किती बसायचा, आई? माझा हात बसून बसून आता त्याला मुंग्या आल्या."

पेट्रोलपंपानंतर मशीनताईने ठरवलं, की कुणाचीही ओळख सुटता कामा नये. नीट बघायचं. दुसऱ्या दिवसापासून ती जे जे उभं दिसेल त्याला मान देत सुटली. रस्त्याच्या कडेला कुणी उभं आहे असं वाटलं, दे मान. जवळ गेल्यावर ते टपालाची पेटी निघायची. एकदा तिने शेतातल्या बुजगावण्याला ओळख दिली आणि त्याने परत दिली नाही म्हणून तिला क्षणभर रागही आला. एका सकाळी धुक्यात तिने ओळीने सहा मैलाच्या दगडांना नमस्कार केला. गंमत म्हणजे त्या दिवसांत तिला रस्ता फार सुंदर वाटायला लागला. सगळं मधोमध, शांत, दूर गेलेलं. दुर्बिणीतून बघावं तसं. डोंगर होता, रस्ता होता, रस्त्यावर कुणी नव्हतं. झोपेत गाडी चालवावी आणि गाडीला वाट माहीत असावी. अंधार दिसला असता तर तिला कळलं असतं. तिथे अंधार नव्हता. तिथे रिकामा रस्ता होता, आणि रिकाम्या रस्त्याची कुणी तक्रार करतं का?

घरी मात्र उजव्या खांद्यावर एक निळा डाग पडला होता, दाराची चौकट लागून लागून. "चौकट सरकली की काय कुणास ठाऊक," ती सुनेला म्हणाली. सून काही बोलली नाही. एरवी बोलली असती.

मग तो मंगळवार आला. दुसऱ्या वस्तीतल्या एका बाईचं मशीन जाम झालं होतं आणि कॉलरचा गठ्ठा संध्याकाळी द्यायचा होता. वस्तीत जायला फाट्यावर उजवीकडे वळावं लागतं. मशीनताईने गाडी हळू केली, वळायचा दिवा लावला, समोर पाहिलं. रस्ता मोकळा. धुकंही नव्हतं, छान कोवळं ऊन होतं. ती वळली.

ब्रेकचा आवाज तिने आधी ऐकला. मग तिच्या उजव्या कोपरापासून हातभर अंतरावर, कुठूनही न येता, अंडेवाला होता. कुठून आला ते तिला त्या वेळीही कळलं नाही, नंतरही नाही. जादूगाराने रुमालाखालून काढावा तसा तो होता. त्याची गाडी तिरकी झाली, त्याने पाय टेकला, गाडी सावरली, पण एका बाजूची दोरी निसटली आणि ट्रे एकावर एक घसरत रस्त्यावर गेले. मोठा आवाजही झाला नाही. पुष्कळशी अंडी एकदम फुटली की कुणीतरी सुस्कारा टाकल्यासारखं वाटतं.

दोघं गाड्या बाजूला लावून उभी राहिली. डांबरावर पिवळं पसरत होतं, उन्हात चकाकत होतं. दोन-तीन अंडी न फुटता घरंगळत गटारापर्यंत गेली आणि तिथे गवतात थांबली.

"लागलं का?" तिने विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"नाही." तिने हात जॅकेटच्या खिशात घातले. "भाऊ, शिव्या द्या मला. बरं वाटेल."

अंडेवाल्याने हेल्मेट काढलं. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच त्याचं टक्कल पाहिलं. तो बराच वेळ त्या पिवळ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मी लांबूनच हनुवटी टेकवली होती. तुम्ही माझ्याकडे तोंड करून होतात, ताई. सरळ माझ्याकडे. मी म्हटलं, बघितलंय हिने. म्हणून मी हळू केली नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही मला बघितलं नव्हतं."

"नाही."

"दोन महिने बघत नव्हतात."

तिने हळूच मान डोलवली.

"मग राग नव्हता तर," अंडेवाला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतकी सुटका होती की तिला रडूच आलं. तिने ते फडक्याने पुसलं. फडक्याला मशीनच्या तेलाचा वास होता.

बुधवारी तिने घरी सांगितलं, की मोठ्या दवाखान्यात चादरी शिवायचं मशीन बिघडलंय, तिकडे जाते. पेटी घेतली. आणि बसने गेली. पेटी घेऊन बसने जाणारी मशीनताई म्हणजे होडी डोक्यावर घेऊन नदीत चालणारा नावाडी. पण तिला ते सुचलं नाही. तिच्या मनात एकच होतं. मोतीबिंदू असू दे. शेजारच्या आजोबांचा काढला, आठ दिवसांत ते वर्तमानपत्र वाचायला लागले. मोतीबिंदू म्हणजे मशीनच्या दातांत अडकलेली धाग्याची गुंडी, काढली की झालं.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, दिवा मारला, डोळ्यांतला दाब मोजला आणि तिला एका अंधाऱ्या खोलीत पाठवलं. तिथे एक चुणचुणीत मुलगी होती. तिने ताईच्या डाव्या डोळ्यावर पट्टी लावली, हनुवटी एका टेकूवर ठेवायला सांगितली. समोर पांढरा शुभ्र घुमट होता, आतून पोकळ, मोठ्या वाडग्यासारखा.

"मध्ये पिवळा ठिपका आहे ना, त्याच्याकडेच बघायचं. इकडेतिकडे नाही. कडेला कुठेही बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. समजलं?"

"समजलं."

दार बंद झालं. ताईने पिवळ्या ठिपक्याकडे पाहिलं. पांढरं, शांत, सगळीकडून सारखं. कड नाही, तळ नाही. हे तर धुकं होतं. साडेसातचं धुकं, डोंगराखालचं. आणि त्या धुक्यात, वर डावीकडे, एक बारीकसा दिवा उगवला. ताईने मान दिली.

"आजी, मान हलवू नका."

"बरं."

दुसरा दिवा. लांबून कुणीतरी येत होतं. ताईची मान खाली गेली.

"आजी! बटण, बटण! मान नाही."

"हो हो. सवय आहे हो."

"कसली सवय?"

काय सांगणार? ती बटण घट्ट धरून बसली. दिवे यायला लागले, एकेक, कुठून कुठून. टपालवाली आली. तो पटलेला उंच माणूस आला. कुणी नुसताच चमकून गेला, ओळख पटायच्या आत. दर वेळी तिचा अंगठा बटणावर जायचा आणि त्याबरोबर मान, मुंगीएवढी का होईना, झुकायचीच. मुलीने तीनदा मशीन थांबवलं, तीनदा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी तिने मागे उभं राहून ताईचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून ठेवलं, जावळ काढताना बाळाचं धरतात तसं. मग ताई निमूट बटण दाबत राहिली. मग बराच वेळ दिवाच आला नाही. रस्ता मोकळा. ती वाट बघत बसली. मशीनची बारीक टिकटिक चालू होती. टिक, काही नाही. टिक, काही नाही.

"लाइट गेली का गं?" तिने विचारलं.

मुलीचे तळवे किंचित घट्ट झाले. "नाही, आजी. दिवे लागतायत. उजवीकडे."

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. उजव्या डोळ्याचं चित्र कडेने काळं होतं, मध्ये एक पांढरा डाग. रात्रीच्या खोलीला असावी एवढीशी खिडकी. डाव्याची कड अजून बरी होती. "मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. जी नजर गेली ती परत येत नाही. आहे ती थेंबांनी राखता येईल, आयुष्यभर रोज घालायचे. शिवणकाम, वाचन, दुरुस्ती, सगळं करा. मधली नजर छान आहे."

"आणि गाडी?"

"कोणती?"

"मोटारसायकल."

डॉक्टरांनी चष्मा काढला. पंचावन्नच्या बाईकडे असं बघायची त्यांना बहुधा सवय नव्हती. "ती आजच सोडायची."

"सरळ रस्ता आहे हो. वळणं दोनच."

"वळणांचा प्रश्न नाही. तुमच्या उजवीकडे कुणी आलं तर तुम्हाला दिसणार नाही. आणि दिसत नाहीये हेही दिसणार नाही."

ते तिला माहीत होतं. सकाळी येताना बसच्या खिडकीपाशी ती उजवीकडेच बसली होती, आणि मान पूर्ण वळवल्याशिवाय तिला खिडकी दिसत नव्हती.

घरी नवरा इस्त्री करत होता. एकच उशीचा अभ्रा तो पुन्हा पुन्हा फिरवून इस्त्री करत होता. सून पुढच्या खोलीतून आत येऊन उभी राहिली, हातात पेचकस तसाच.

"कसं झालं दवाखान्यातलं मशीन?" नवऱ्याने विचारलं.

"जुनं आहे," ती म्हणाली. "भाग मिळत नाहीत." आणि खाली बसली, आणि सगळं सांगितलं. अंड्यांपासून. नवऱ्याने इस्त्री उभी करून ठेवली. बत्तीस वर्षं तो म्हणत आला होता, ही गाडी एक दिवस दगा देईल. आता बोलायचा हक्क होता. तो स्वयंपाकघरात गेला आणि चहा घेऊन आला. कप त्याने तिच्या डाव्या हाताशी ठेवला.

ती कपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कधीपासून इकडे ठेवताय?"

"फटाक्यांसारखे कप फोडायला लागलीस तेव्हापासून. हिवाळ्यात चार गेले. सगळे उजवीकडचे."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुला म्हटलं असतं डोळे तपास, तर तू म्हणाली असतीस, तुमचे आधी तपासा. आणि खरं सांगू?" त्याने अभ्र्याच्या कडा जुळवल्या. "मला वाटलं, आपण ओळखलं नाही तर ते नसेलच. मूर्खपणा. तू कुणाच्या तरी अंगावर गेली असतीस."

"गेलेच की."

"मलाही दिसत होतं," सून म्हणाली. "खांदा रोज आपटायचा. पण मी बोलले असते तर तुम्हाला वाटलं असतं, हिला फेरी हवी आहे म्हणून सासूला आंधळी करायला निघाली."

"वाटलंच असतं," मशीनताई म्हणाली. तिघांपैकी कुणीच हसलं नाही, पण खोलीतली हवा जरा सैल झाली.

गुरुवारी ती नेहमीच्याच वेळी उठली. जॅकेट घातलं. शेडमध्ये जाऊन गाडीवर बसली, स्टँडवरच. किल्ली लावली नाही. डावा हात क्लचवर, उजवा रेसवर. शेडच्या दारातून रस्त्याचा एक तुकडा दिसत होता. चौथ्या वस्तीत तीन मशीनं अडली होती, निरोप कालच आला होता. धुकं दाट होतं. आज एक दिवस, तिच्या मनात आलं. हळूहळू जाईन. फाट्यावर उतरून, ढकलत नेईन. कुणाला कळणार? ओळखीचा रस्ता आहे. तिने खिशातून किल्ली काढली. किल्ली गार होती. त्या धुक्यात कुठेतरी अंडेवाला निघाला असणार; लांबून हनुवटी टेकवणार; बघितलंय हिने, असं समजणार, आणि हळू करणार नाही.

सून शेडच्या दारात उभी होती. अंगावर नवऱ्याचं जॅकेट, बाह्या दुमडलेल्या, बगलेत हेल्मेट. काही बोलली नाही. आयुष्यात एवढा वेळ ती गप्प राहिल्याचं सासूने पाहिलं नव्हतं.

मशीनताईने किल्ली लावली. आणि मागे सरकली.

"गप्प काय उभी राहतेस? उशीर होतोय. पेटी मांडीवर द्यावी लागेल मला, कॅरियरवर बांधली तर मी कुठे बसू?"

सून पुढे बसली. गाडी एकदा गचकली, मग निघाली.

"क्लच हळू सोड. कुणी पळून जात नाहीये."

"तुम्ही शिकवत बसलात ना, तर मी उतरून चालत जाईन, बाबांसारखी."

मग शहर संपलं आणि धुकं आलं. मागून रस्ता वेगळाच होता. छत्तीस वर्षांत ताईने तो कधी कडेने पाहिला नव्हता, नेहमी समोरूनच. आता मान हवी तेवढी वळवता येत होती. तिने ती उजवीकडे पूर्ण वळवली आणि तिकडचं सगळं, जे इतके महिने नव्हतं, ते एकदम होतं. कुंपणं, विहीर, ओल्या गवतात उभी दोन खेचरं, एका खिडकीत दिवा लावून मशीनवर वाकलेली बाई. कुणीतरी घडी घालून ठेवलेलं कापड उलगडत जावं तसं ते तिच्या डोळ्यांपुढून सरकत होतं.

समोरून एक पिवळा ठिपका उगवला. सून ताठ झाली, खांदे कानाला लागले.

"आई, तो मान हलवतोय. काय करू?"

"काही नाही. तू नवी आहेस, तुला माफ आहे. रस्ता बघ."

"पण वाईट दिसेल."

"दिसू दे. तुझे दोन्ही हात गाडीचे. मान पण गाडीची."

ठिपक्याची गाडी झाली, गाडीवर कुणी अनोळखी होता. पाठीवर मोठी पिशवी, दाढीवर धुक्याचे थेंब. ताईने एक हात पेटीवर घट्ट ठेवला. दुसऱ्या हाताकडे तिने पाहिलं. रेस नाही, क्लच नाही, त्याला काहीच काम नव्हतं. तिने तो उचलला. दोन बोटं नाही, चार बोटं नाही, खांद्यातून सबंध हात, वर, धुक्यात, बंदरावर कुणाला तरी निरोप द्यायला आल्यासारखा. तो माणूस चकित झाला. एवढी मोठी ओळख त्याला रस्त्यावर कधी कुणी दिली नसणार. त्याची मान झुकली, मग आणखी झुकली. तो गेल्यावरही ताई मागे वळून बघत होती, पांढऱ्यात तांबडा दिवा विझेपर्यंत.

"कोण होतं?" सुनेने विचारलं.

"माहीत नाही."

"मग एवढा हात कशाला?"

पुढे आणखी एक ठिपका उगवत होता. ताईचा हात अजून वरच होता.

"आई, हलू नका हो. गाडी डुलते."

मशीनताई निश्चल बसली. हात मात्र तिने खाली घेतला नाही.